टाकीच्या तळाचं पेट्रोल

सरकारने पेट्रोलचा भाव बांधून दिला तेव्हा पंपावरच्या मावशीनेही टाळ्या पिटल्या होत्या. का पिटू नयेत? भाव असा भडकला होता की लोक गाड्या नुसत्या पुसून ठेवत होते. मंत्री टीव्हीवर आले, सामान्य माणसाला दिलासा दिला म्हणून छाती फुगवून गेले. पण बांधलेल्या भावात परवडेना, तसे टँकर यायचे बंद झाले. आता स्वस्त पेट्रोल फक्त पंपाच्या फलकावर होतं.

त्या दुपारी मावशीने नळ्या हुकाला अडकवल्या आणि रांगेला ओरडून सांगितलं, "संपलं! एक थेंब नाही." रांग हलली नाही. उद्या टँकर आलाच तर जागा नको का?

"कर कमी करायचा होता. भाव कशाला बांधला?" पुढचा चष्मेवाला म्हणाला.

"आम्हा टॅक्सीवाल्यांना आधी द्यायचं, बाकीच्यांना कुपनं."

"गरिबाच्या हातात सरळ पैसे द्यावेत."

"आणि ते काय टाकीत ओतायचे?" टॅक्सीवाल्याने विचारलं. लोक हसले. मावशीला मात्र हसू आलं नाही, कारण खिशातला फोन वाजत होता.

फोन तिच्या भावाचा, दादाचा होता. "अण्णांना धाप लागलीय गं. पाय तर असे सुजलेत की बघवत नाही." वडिलांचं, अण्णांचं डायलिसिस मागच्या खेपेला पेट्रोलअभावीच चुकलं होतं. आजचं चुकलं तर काय होईल, ते डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. "ॲम्ब्युलन्सला फोन केला, तर त्यांचीच गाडी कुठल्याशा पंपावर रांगेत उभी आहे."

"मागच्या दाराने ये," मावशी म्हणाली.

पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि ती कधीच पुरती रिकामी होत नाही. तळाशी वीतभर पेट्रोल राहतं. तिथे पाणी आणि गाळ साचतो म्हणून नळी तिथवर सोडत नाहीत, आणि ते विकायला सक्त मनाई असते. मावशीने झाकण उघडलं आणि हातपंपाने एक डबा भरून घेतला. मग तो आडोशाला ठेवून दिला. पाणी जड, ते खाली बसतं. वरचं तेवढं ओतायचं आणि तळाचं डब्यातच ठेवायचं, हे पंपावर झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं. इतकं ठाऊक, की कोणी कोणाला ते सांगत नाही.

दादा आला. "हळू ने, हलवू नकोस," एवढंच ती म्हणाली. ऑफिसला कुलूप लावून ती मागच्या गल्लीत घरी पोचली, तोवर गाडी सुरू झाली होती. मागच्या सीटवर अण्णा तोंड उघडं टाकून श्वास ओढत होते.

"माझी लेक आली," ते म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना कष्ट पडले.

रांग दवाखान्याच्या चढाच्या पायथ्यापर्यंत गेली होती. तिच्या शेपटाजवळ गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. दादाने किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"डबा सगळा ओतलास?"

"सगळा. उलटा करून झटकलासुद्धा. असल्या दिवसांत थेंब तरी वाया घालवतं का कोणी?"

ती गाडीतून उतरून रांगेकडे धावली. "कोणीतरी दवाखान्यापर्यंत सोडा हो! वडील आहेत माझे!"

लोकांना तिच्या अंगावरचा पंपाचा गणवेश दिसला. "संपलं म्हणून सांगितलंत ना? मग तुमची गाडी कशावर चालली होती?" एकाने विचारलं.

"नंतर मारा मला. आधी त्यांना न्या."

"अहो बाई, आमच्यात असतं तर इथे उभे राहिलो असतो का?"

ते खरं होतं. अर्ध्या गाड्या ढकलतच आणलेल्या होत्या. एक शिक्षक मात्र आपली स्कूटर उभी करून आले आणि त्यांनी गाडीला हात लावला. तिघांनी जोर केला तशी गाडी चढाला लागली. तेवढ्यात मागच्याने आपली मोटारसायकल शिक्षकांच्या स्कूटरपुढे घुसवली. शिक्षकांनी वळून पाहिलं. "माफ करा हं," म्हणत ते रांगेकडे पळाले. मावशीने त्यांना मनातल्या मनातही शिवी दिली नाही. तिला वेळच नव्हता.

दोघांना गाडी रेटेना. दादाने चाकाला दगड लावला आणि अण्णांना पाठुंगळी घेतलं.

"घट्ट धरा, अण्णा."

अण्णांच्या हातांत धरण्याइतकं बळ नव्हतं. मावशीने मागून त्यांचे दोन्ही हात दादाच्या गळ्याभोवती आवळून धरले आणि चढ चढू लागली. अण्णांची मान तिच्या खांद्याला टेकली होती. त्यांचा श्वास तिच्या कानाशी घरघरत होता आणि तिला त्याचाच आधार वाटत होता.

अर्ध्या चढावर तो श्वास थांबला. तिने वाट पाहिली. पुन्हा पाहिली.

"अण्णा कसे आहेत गं?" दादाने धापा टाकत विचारलं.

"बरे आहेत," ती म्हणाली आणि हात आणखी घट्ट धरले. "चल, आलाच दवाखाना."