दोरांजवळचा फोटो

दिवसा ती आपल्या छोट्याशा दुकानात पासपोर्टचे फोटो काढायची आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन मुष्टियुद्धाच्या हॉलमध्ये जायची. धाकटा भाऊ तिथे खेळायचा, म्हणून सगळेच तिला ताई म्हणत.

हॉल म्हणजे पूर्वीचं गोदाम. पत्र्याखाली उंचावर ट्यूबलाइट, त्यातल्या निम्म्या मेलेल्या. अशा उजेडात भावाची लढत पोलादशी झाली. पोलाद हे त्याचं टोपणनाव, आणि स्पर्धा भरवणाऱ्या समितीचा तो लाडका. त्याने भावाला दोरांवर रेटलं, ठोसा मारल्यासारखं केलं आणि पाठोपाठ कोपर थेट डोळ्यात घातलं. पंचाला त्याची फक्त पाठ दिसली. भाऊ खाली कोसळला. डोळा गेला.

ताईने समितीकडे तक्रार केली, सोबत स्वतः काढलेला फोटो दिला. अध्यक्षांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "यात कोपर कुठलं नि ठोसा कुठला? मला तर वाफेत दोन माणसं दिसतायत."

खोलीत हशा पिकला. बाहेर पडताना पोलाद तिच्या कानाशी म्हणाला, "भावाला म्हणावं, आता नेम धरायला बरं. एक डोळा मिटायचा त्रास वाचला."

 त्या दिवसापासून ताईने डूख धरला.

मिळेल त्या अंधाऱ्या हॉलमध्ये ती फोटो काढत हिंडली. मोठ्या तोंडाची लेन्स घेतली. पूर्वी फोटो गुळगुळीत यावा म्हणून ती शटर हळू ठेवायची आणि हलणारा हात पुसट होऊन जायचा. आता तिने शटर पळवलं. फोटोत वाळू ओतल्यासारखे दाणे आले तर येऊ देत, हात हातासारखा दिसला पाहिजे. डोळ्यांना स्थिर वाटणाऱ्या ट्यूब कॅमेऱ्यासमोर लुकलुकतात, एक फोटो उजळ तर पुढचा काळा, हेही तिला कळून चुकलं. म्हणून ती पेटत्या ट्यूबखालचा कोपरा आधीच धरून ठेवायची.

आणि तिने पोलाद पाठ केला. पंच पाठीमागे गेल्याशिवाय तो कोपर काढत नसे. काढायच्या आधी त्याची डावी टाच उचलली जायची.

पुढच्या मोठ्या स्पर्धेत पोलादसमोर एक नवखा उभा राहिला. बेकरीत काम करायचा, सगळे त्याला पाववाला म्हणत. लढतीआधी त्याने हसून तिच्याकडून फोटो काढून घेतला होता. "ताई, हरलो तरी हा छान येऊ दे हं!"

दुसऱ्या फेरीत पोलादने त्याला दोरांवर दाबलं, बरोबर तिच्या समोर. पंच मागे गेला. टाच उचलली गेली. पुढे काय होणार हे अख्ख्या हॉलमध्ये तिला एकटीला ठाऊक होतं. ओरडायला तोंड होतं, पण मनात एकच शब्द घुमत होता, मार. मार ना, मेल्या.

त्याने मारलं. तिने बटण दाबलं.

फोटो दाणेदार, पिवळट, पण भुवईत रुतलेलं कोपर लख्ख दिसत होतं. एका वर्तमानपत्राने तो छापला तेव्हा समितीला पळता भुई थोडी झाली. पोलादवर कायमची बंदी आली. पाववाल्याच्या भुवईला टाके पडले, डोळा वाचला.

भावाने फोटो चेहऱ्याजवळ धरून खूप वेळ पाहिला. आनंदाने उडी मारेल असं ताईला वाटलं होतं.

"तुला आधीच कळलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मग ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर थांबला असता तो."

"आणि पाववाल्याचा डोळा गेला असता तर?"

"गेला नाही ना."

"गेला असता तर, ताई?"

 भावाने चपला घातल्या आणि तो पाववाल्याला भेटायला दवाखान्यात निघून गेला. तिला चल म्हणाला नाही. ते तिला लागलं. तरीही दुसऱ्या दिवशी तिने तोच फोटो दारभर मोठा करून दुकानाच्या काचेत लावला.

आठवडाभरात पोलाद आला. समोर कुणीतरी फोटोसाठी स्टुलावर बसलं होतं, म्हणून तो दारातच घुटमळला.

"ताई, काचेतला तो फोटो काढून टाका. माझी आई याच रस्त्याने जाते. लोक तिला थांबवून विचारतात."

"काय विचारतात?"

"हा तुमचाच मुलगा का, म्हणून."

"मग काय सांगते ती?"

पोलादची मान खाली गेली. "पाया पडतो तुमच्या," तो पुटपुटला.

ताईला त्याच्या आईची दया आली, नाही असं नाही. पण ती पुरेशी नव्हती.

"उजेड अडवू नका," ती म्हणाली आणि स्टुलावरच्या माणसाकडे वळली. "हं, हनुवटी जरा वर घ्या."