तिसरा ठोका

सरावलीजवळच्या चर्चच्या दफनभूमीतली निम्मी माणसं मंगळ्यानंच मातीआड केली होती. तीस वर्षं कबरी खणल्या पठ्ठ्यानं! खणण्याआधी कुदळीचा दांडा जमिनीवर तीनदा आपटायचा, "जागा दे गं आये" म्हणायचा. बाप्तिस्मा झालेला, पण जमातीनं वारली आदिवासी. आणि वारल्यांना दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरायचं, असा रिवाज. कुणी पाडला, देव जाणे.

आता मंगळ्याच गेला. भिंतीबाहेरून कारखान्यांचा रस्ता जाणार होता, त्याच्या खुणेचे दगडही रोवले होते. त्याची बायको सोमी इनासच्या दारात आली. चर्चच्या कमिटीत इनासचा शब्द शेवटचा.

"बाबा, तेला आत पुरा. भायेर तेच्या छातीवरून गाड्या जातील."

"कमिटी बघेल," इनास पुटपुटला. लबाड कुठला! कमिटी म्हणजे तोच की.

मन लागेना म्हणून भरदुपारी तो बायकोच्या, कार्मेलच्या, कबरीपाशी गेला. शेजारची मोकळी जागा त्याची स्वतःची, राखून ठेवलेली. वारा पडला होता. ठक्. ठक्. ठक्.

इनासनं वळून पाहिलं. चिटपाखरू नव्हतं. मंगळ्याची कुदळ भिंतीला टेकलेली, दांड्याचं टोक ओल्या मातीनं माखलेलं. परत तीन ठोके, थेट त्या मोकळ्या जागेखालून. तो झटकन मागं सरला.

कार्मेल गेली ती ऐन श्रावणात. तिला पाण्यात ठेवायला नको म्हणून मंगळ्या कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून दिवसभर डब्यानं पाणी उपसत होता. आणि आपण त्याला चहा दिला तो करवंटीत! चर्चमध्ये वेदीपाशी मात्र दोघांना प्रसादाची भाकर एकाच ताटातली. भीतीपेक्षा इनासला लाजच जास्त वाटली.

त्यानं चर्चची घंटा वाजवून कमिटी गोळा केली. "मंगळ्या इथं," त्यानं आपल्या जागेकडे बोट दाखवलं.

कमिटीतला पास्कू चवताळला. "मग तू कुठं निजशील?"

"भिंतीबाहेर, त्याच्या जागी. तसं लिहूनच देतो. बघू, इनासच्या छातीवरून तुम्ही रस्ता कसा जाऊ देता ते!"

कमिटीला मान्य करावं लागलं. पण खणायला कुणी पुढं होईना. शेवटी इनासनंच कुदळ उचलली, दांडा आपटला. एक. दोन.

तिसरा ठोका खालून आला. शेजारी उभ्या सोमीनं हात जोडले, आणि इनास खणू लागला.