समाधीतला ओटीपी

मल्लम्मा गेल्यावर महिनाभरानं सिद्रामप्पानं तिचा लॅपटॉप उघडला. मुलीच्या लग्नातला एक व्हिडिओ त्याला बघायचा होता. त्यात मल्लम्मा त्याला चारचौघांत झापते. मोबाईलमधली जागा संपली म्हणून तिनं तो लॅपटॉपात टाकला होता. तिचा आवाज आता तेवढाच उरला होता.

लॅपटॉपनं आधी अपडेट घेतलं. सिद्रामप्पाचं जेवण होईपर्यंत घेतलं. मग निळ्या पडद्यावर रिकव्हरी की मागितली.

तो एसटीनं मानवतला नागेशच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला.

"अपडेटनंतर असं होतंय, आप्पा. डिस्कला कुलूप पडलंय," नागेश म्हणाला. "किल्ली म्हंजी लांबलचक आकडे. ते काकूंच्या खात्यात हायेत. खातं उघडायला त्यांच्या मोबाईलवर ओटीपी येईल. मोबाईल कुठंय?"

"तिच्यापाशी."

"अन् काकू?"

"समाधीत."

लिंगायत लोक गेलेल्या माणसाला बसवून पुरतात. अंगाला विभूती लावतात, बेल वाहतात. मल्लम्माच्या धाकट्या बहिणीनं, गीताबाईनं, ऐनवेळी मांडीवर मोबाईलही ठेवला होता. "अक्काला करमायचं न्हाई," म्हणाली. तेव्हा कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. चार्जर तेवढा घरी राहिला.

"मग फॉरमॅट मारू का? मशीन नव्यासारखं होईल."

"अन् व्हिडिओ?"

"तो जाईल."

"मग नवं कशाला करायलास?"

गीताबाईला कळलं तशी ती फोनवर रडली. "दाजी, उकरू या का?"

"एवढ्यासाठी तिला उठवायचं? झोपेतून उठवलेलं तिला जित्तेपणी खपलं न्हाई."

शेवटी नागेशनंच विचारलं, सिम कुणाच्या नावावर हाय? घरातली सगळी सिमं सिद्रामप्पाच्याच नावावर होती. डुप्लिकेट सिम मिळालं. पण नियम असा की नव्या सिमवर एक दिवस मेसेज येत नाहीत. सिद्रामप्पा गावी गेला अन् मेसेज सुरू झाल्यावर परत आला.

ओटीपी आला. आकडे मिळाले. कुलूप निघालं. लॅपटॉपनं विचारलं, नवीन अपडेट आलंय, आता घ्यायचं की नंतर?

"नंतर!" दोघंही एकदम ओरडले.

व्हिडिओ लागला. मल्लम्मा मांडवात पदर खोचून उभी होती.

"अहो, पावणे ताटावर बसलेत अन् तुमी खुर्चीवर? उठा की! वरण कोण वाढायचं?"

व्हिडिओ तेवढाच होता.

"परत लावू का, आप्पा?" नागेशनं मागं वळून पाहिलं.

सिद्रामप्पा खुर्ची सोडून उभा राहिला होता.

"लाव," तो म्हणाला. "उभ्यानंच बघतो."