लाल पट्टीचा चिमटा

ऑपरेशन पुढे ढकललं म्हटल्यावर छकुलीच्या आईचा पारा चढला. चार वर्षांची पोर सकाळपासून उपाशी, डोक्यातली गाठ काढायची, आणि कारण काय, तर तळघरात हत्यारं धुणाऱ्या मावशींनी पेटी अडवली.

ती तरातरा तळघरात गेली. मावशी दारातच उभ्या होत्या.

"हत्यारं एवढी वाफेत घालता ना? सगळं मरतं की त्यात."

"सगळं नाही मरत, बाई. मेंदूचा एक आजार असाय, तो आमच्या नेहमीच्या वाफेला भीक घालत नाही. मागच्या आठवड्यात एका पेशंटला तो असल्याचा संशय आला. त्यांच्यासाठी वापरलेली लाल पट्टीची हत्यारं मी कुलपात ठेवली. आज तुमच्या लेकीची निळी पेटी मोजली, तर आत एक लाल पट्टीचा चिमटा. घाईत कुणीतरी अदलाबदल केली. शेजारणीचा चमचा आपल्या डब्यात येतो, तसं."

"मग तेवढा काढून टाका."

"तो बाकीच्यांबरोबर एकाच पाण्यात धुतलाय. आता निळी पेटीही कुलपात."

"पण नुसता संशयच ना? तुमची पोर असती तर?"

"तर आत्ता तुमच्या जागी मी भांडत असते," मावशी म्हणाल्या. "भांडा. पेटी मिळायची नाही. मोठे डॉक्टरही आत्ताच आदळआपट करून गेले."

दुसऱ्या हॉस्पिटलातून पेटी यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आईनं मावशींना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी गाठ निघाली. छकुलीनं डोळे उघडून पहिल्यांदा बिस्किट मागितलं.

महिन्यानं तपासणीला गेल्यावर मोठे डॉक्टर खाली बघत म्हणाले, "तो संशय खरा निघाला. त्या आजाराला औषध नाही. कदाचित हिला काही झालंही नसतं. पण ते कळायला आपल्याला वर्षानुवर्षं वाट बघावी लागली असती."

लेकीला कडेवर घेऊन आई तळघरात उतरली. मावशी पेटी मोजत होत्या. त्यांनी न बघताच एक बोट वर केलं: थांबा.

"आई, ह्या कोण?" छकुलीनं विचारलं.

"हळू बोल, राणी. त्यांचं मोजणं चुकेल."

सांगायचं खूप होतं. लेकीच्या नुकत्याच उगवलेल्या केसांवर हनुवटी टेकवून ती दाराबाहेर गप्प उभी राहिली, शेवटचा चिमटा मोजून होईपर्यंत.