तळ्यात सोडलेलं झाड

न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं, सत्यजीतरावांना तिथे नोकरी लागली आणि पद्मजाबाई दादरच्या दोन खोल्यांतून पनवेलच्या बंगलीत आल्या. मागे अंगण, अंगणात सिमेंटचा हौद. बाई हरखून गेल्या. मुंबईच्या एका पुष्पप्रदर्शनातून त्यांनी पाण्यावर तरंगणारं झाड आणलं. फुगीर देठ, गुळगुळीत पानं, वर जांभळा तुरा. विकणाऱ्यानं ‘परदेशी आहे’ म्हटलं, तेवढ्यावरच बाई खूश. आपल्या मातीतल्या फुलांचं मेलं कौतुक कोणाला असतं!

झाड मात्र भलतंच पसरणारं. बघता बघता हौद गच्च भरला, पाणी दिसेना. “उपटून टाक कचऱ्यात,” सत्यजीतराव म्हणाले. पण ते बाईंना जमणारं नव्हतं. त्याची फुलं रोज देवाला वाहिलेली, आणि ते झाड उकिरड्यावर? छे! वाळलेली तुळससुद्धा त्या वाहत्या पाण्यात सोडत. मग नेऱ्याकडे एका स्नेह्यांच्या फार्महाऊसवर जाणं झालं, तेव्हा त्यांनी टोपलीभर रोपं बरोबर नेली. हळदकुंकू वाहून, हात जोडून ती गावच्या तळ्यात सोडली. घरी येताना त्यांना अगदी प्रसन्न वाटत होतं.

त्याच गावची हौसा त्या तळ्यातली पांढरी कमळं दर श्रावणात पनवेलला विकायला आणायची. बाईंच्या फाटकाशी टोपली उतरवून चहा प्यायची, गावच्या गप्पा सांगायची. एका श्रावणात ती आली ती आघाडा-दूर्वा घेऊन.

“कमळं नाय या वर्साला,” ती म्हणाली. “तळ्यात कायतरी हिरवं माजलंय, बाई. फुगल्या देठांचं, वर जांभळी फुलं. आमची कमळं त्याच्याखाली गुदमरून मेली. म्हशीपन तिथं पानी पीत नाय.”

पद्मजाबाईंनी झाड लगेच ओळखलं. हौसा कधी फाटकाच्या आत आली नव्हती, मागचा हौद तिनं पाहिला नव्हता. तेव्हाच सांगून टाकायचं. पण बाईंनी काय करावं? डोळे मोठे करून विचारलं, “अगंबाई! कुठून आलं असेल गं?”

हौसाची पाठ वळताच त्यांनी पदर खोचला, हौद उपसला, मिळेल त्या उन्हात सगळं वाळवलं आणि जाळून टाकलं. देवाला वाहिलेलं वगैरे तेव्हा काही आडवं आलं नाही.

पुढच्या वर्षी हौसा आली ती वाळून काटकुळी झालेली, अनवाणी. “गाव म्हनतं, मी विटाळशी आसताना तळ्यात उतरली म्हनून गावदेवी कोपली. मला पान्याला हात लावू देत नाय. तळं मोकळं व्हईस्तोवर वहाना घालनार नाय, आसं देवीला बोललेय. वरीस झालं.”

रविवारी बाई एसटीनं हौसाच्या गावी निघाल्या. काय बोलायचं ते वाटेत मनाशी घोकत होत्या. गावात त्यांच्यासाठी देवळापुढे खुर्ची मांडली गेली. गणू पाटील म्हणाले, “तुमी शिकल्यासवरलेल्या. तुमीच सांगा, ह्यो काय परकार हाय?”

बाईंनी तोंड उघडलं आणि घोकलेलं सगळं पळालं. “ही जलपर्णी. परदेशी झाड आहे, कुठूनही येतं, झपाट्यानं वाढतं. यात ना देवीचा कोप, ना हौसाचा दोष.” एक सोडून बाकी सगळं खरं होतं. पाटलांनी मान डोलावली, पोरांना तळं उपसायला सांगितलं आणि पहिली कळशी हौसाला भरायला लावली. कळशी भरून हौसा आली आणि तिनं बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. बाईंना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

एसटीच्या थांब्यापर्यंत हौसा त्यांची पिशवी धरून सोबत आली. वाटेत बाई थांबल्या. “हौसा, ते मी सोडलं होतं. माझ्या हौदातलं.”

हौसानं चार शिव्या हासडाव्यात असं बाईंना वाटत होतं. पण ती हळूच म्हणाली, “तुमाला काय ठाव, आसं माजंल? देवाचं म्हनूनच सोडलं आसंल ना?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले. सुटले, असंही क्षणभर वाटून गेलं.

चार पावलांवर हौसाचे पाय अडखळले. “पन मंग... गेल्या वर्सी फाटकाशी मी बोलली, तवाच तुमाला उमजलं आसंल.”

“हो,” पद्मजाबाई म्हणाल्या.

“आनि तुमी मलाच इचारलं, कुठून आलं म्हनून.”

हौसानं पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली आणि ती गावाकडे चालू लागली. पद्मजाबाईंना तिला हाक मारायचीही लाज वाटली.