मावशींचे शून्य पॉइंट चार

घट : ०.९ मिलिमीटर

एवढीच माझी कमाई. चार वर्षं, एक मोडलेली खुर्ची, वाढलेला चष्म्याचा नंबर आणि हे शून्य पॉइंट नऊ. संस्थेच्या मागच्या हौदातल्या गोगलगायींचे शंख अकरा वर्षांत सरासरी एवढ्याने आखूड झाले. वरच्या मजल्यावरच्या यंत्रांचं गरम पाणी त्या हौदात सोडतात, आणि यंत्रं दर वर्षी वाढतात. दर महिन्याला तीस गोगलगायी काढायच्या, कॅलिपरच्या जबड्यात धरून लांबी घ्यायची, परत सोडायच्या. यावर माझा प्रबंध उभा.

आई फोनवर म्हणते, "कमी झालं म्हणजे वाईटच ना गं?"

"माझ्यासाठी चांगलं आहे."

"आणि त्यांच्यासाठी?"

"त्यांना अजून विचारलं नाही."

"मग विचार की. चार वर्षं काय करत होतीस?"

घट : बघू

प्रबंध देण्याआधी एकदा सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा एक चष्मा नाकावर होता आणि दुसरा डोक्यावर. त्यांनी चष्मे बदलले, उठून थेट पडद्याजवळ गेले आणि माझ्या आलेखावर बोट ठेवलं.

"ही पायरी कसली?"

रेघ सात वर्षं हळूहळू उतरत होती. मग एकदम एक पायरी खाली. मग पुन्हा हळूहळू. ती पायरी मी हजार वेळा पाहिली होती आणि मला ती आवडायची. नाट्यमय वाटायची.

"त्या वर्षी पाण्यात काय बदललं?"

"काही नाही, सर."

"मग मोजणारा माणूस बदलला का?"

पहिली सात वर्षं मावशींनी मोजलं होतं. प्रयोगशाळेच्या मावशी, काचा धुण्यासाठी नेमलेल्या, पण हात इतका स्थिर की मॅडमनी त्यांच्याच हातात कॅलिपर दिला. त्या निवृत्त झाल्या त्याच महिन्यात मी आले.

"पुढच्या गुरुवारी सांगा," दोन चष्मे म्हणाले. "घट गोगलगायीची आहे की हाताची."

घट : ०.९ किंवा ०.०, मॅडमच्या खोलीत

मॅडम माझ्या मार्गदर्शक. त्या हसत होत्या, याचा मला राग आला.

"सगळीच घट हाताची निघाली तर माझी चार वर्षं हौदात गेली, मॅडम!"

"हौदात तर ती होतीच. रडू नकोस, मोज. तेच तीस शंख तू मोज आणि तेच तीस मावशींना मोजू दे. आकडे ताडून बघ."

"आत्ता जाते."

"थांब. कशासाठी ते त्यांना सांगायचं नाही. सांगितलं की हात शहाणा होतो."

घट : ०.९!!!

(तीन उद्गारचिन्हं वहीत खरोखर आहेत. खोडलेली, पण दिसतात.)

मावशींचं स्वयंपाकघर. टेबलावर तीस रिकामे शंख, कपाटातल्या संग्रहातून उचललेले, प्रत्येकावर पोटाशी नंबर. मी माझे तीस आकडे सकाळीच घेऊन ठेवले होते. मावशींचे यजमान, म्हणजे काका, आयुष्यभर बस चालवलेले. नंबर उलटसुलट क्रमाने पुढे करायचं काम त्यांच्याकडे. थांब्यांची नावं पुकारावीत तसे ते नंबर पुकारत होते.

"सतरा नंबर! सतरा!"

"ओरडताय कशाला? मी इथंच बसलेय." मावशींनी शंख जबड्यात धरला. "बावीस पॉइंट एक."

"बावीस पॉइंट एक. पुढे चला. चार नंबर!"

"एकवीस पॉइंट आठ. अहो, तो शंख आहे, स्टिअरिंग नाही. हळू ठेवा."

"तू तुझं मोज."

तिसावा झाला. मी हिशेब मांडला. मावशींची सरासरी बावीस पॉइंट तीन. माझी बावीस पॉइंट तीन.

फरक शून्य! पायरी गोगलगायींची, हाताची नव्हेच! मी उठून मावशींना मिठी मारली. त्यांच्या चहाचा कप कलंडला आणि नऊ नंबरचा शंख चहात गेला.

"मावशी, तुमचा हात आणि माझा हात अगदी एक आहे!"

"एक कसा असेल?" मावशी चहातून शंख काढत म्हणाल्या. "रिकाम्याचं सोड. रिकाम्याला काय, करकचून दाबावं. आत कोण बसलंय कळवळायला?"

घट : नको वाटतं लिहायला

मी हे ऐकलंच नाही, असं करता आलं असतं. काका कप विसळत होते. नळाचा आवाज होता. तीस आकडे माझ्या वहीत होते, फरक शून्य, आणि जगात कुणालाही पत्ता लागला नसता.

पण मी ऐकलं होतं.

"मावशी," मी विचारलं, "उद्या सकाळी हौदावर याल?"

"का गं?"

"ते मागाहून सांगते."

"जिवंत मोजायच्या?" त्यांचा चेहरा असा उजळला की माझं भय क्षणभर बाजूला सरलं. "पहिल्यांदाच सांगायचंस की! हे काय मेलेलं मोजायला लावतेस."

घट : ०.९ वजा काय ते

हौदाच्या काठावर तीस जिवंत गोगलगायी ओल्या फडक्यावर. काकांनी आदल्या दिवशी सुनेची लाल नेलपॉलिश मागून आणली होती, त्याने पाठीवर नंबर.

"दोन नंबर निघाला," काका म्हणाले. "थांबा न घेता निघाला."

मावशींनी दोन नंबरला फडक्याच्या टोकावरून उचललं, तळहातावर ठेवलं, ती शिंगं बाहेर काढेपर्यंत थांबल्या. मग कॅलिपर हळूच पुढे सरकवला. जबडा शंखाला टेकला, न टेकला, तिथे थांबला. मी वाकून पाहिलं. जबडा आणि शंख यांच्यामध्ये उजेडाचा एक केस होता.

"बावीस सरळ."

मग मी घेतलं. चार वर्षांच्या सवयीने, पक्कं. दोन नंबर आत ओढली गेली. एकवीस पॉइंट सहा.

मावशींनी माझ्याकडे बघितलं.

तीस झाल्या. मावशी : एकवीस पॉइंट नऊ. मी : एकवीस पॉइंट पाच.

शून्य पॉइंट चार. सात वर्षं, दर महिन्याला तीस, म्हणजे अडीच हजार गोगलगायींना दुखू नये म्हणून सोडलेली जागा.

घट : ०.५

बसले जमिनीवरच, मांडीवर संगणक घेऊन. मावशींच्या सात वर्षांतून शून्य पॉइंट चार वजा केले. बटण दाबलं.

पायरी गेली.

म्हणजे अशी गेली की ती होती हेच खरं वाटेना. अकरा वर्षांची एकच सरळ रेघ, डावीकडून उजवीकडे, शांतपणे उतरत. नऊचे पाच झाले होते. पण हे पाच कुणीही ओढून पाहावेत, तुटणार नव्हते. सात वर्षं मावशींचे आणि चार वर्षं माझे हात एकाच रेघेवर चालत होते, फक्त मावशींचे जरा वरून.

"काय गं, रडतेस की हसतेस?" मावशींनी विचारलं.

"कमी झालं, मावशी!"

"काय?"

"कमी झालेलं कमी झालं!"

"हिला चहा पाजा," मावशी काकांना म्हणाल्या.

घट : ०.५, गुरुवारी, सगळ्यांसमोर

दोन्ही चष्मे आलेखाजवळ गेले. बोट जिथे पायरी होती तिथे फिरलं, आणि काहीच लागलं नाही.

"हे शून्य पॉइंट चार कुठून आले?"

"पहिल्या मोजणीदारांनी जनावराला लागू नये म्हणून कॅलिपर सैल धरला होता, सर. रिकाम्या शंखांवर फरक शून्य येतो, जिवंतांवर शून्य पॉइंट चार. पायरीही तेवढीच होती."

"सैल नाही," शेवटच्या रांगेतून आवाज आला. मावशी काकांबरोबर आल्या होत्या, ठेवणीतली साडी नेसून. "सैल म्हणजे निष्काळजी झालं. बेतानं धरला होता."

सभागृह हसलं. परीक्षक हसले नाहीत. चष्मा बदलून त्यांनी मागे पाहिलं आणि किंचित मान झुकवली.

"बरोबर आहे. प्रबंधात 'बेताने' असं लिहा," ते मला म्हणाले. "एवढी एकच दुरुस्ती. बाकी मान्य."

त्यानंतर टाळ्या. काकांच्या सगळ्यात मोठ्या, आणि बाकीच्यांच्या थांबल्यावरही चाललेल्या.

पुढल्या महिन्याची तीस

प्रबंध मान्य झाला तरी हौदाला सुट्टी नाही. मी दोन नंबरला उचललं. नेलपॉलिश अजून टिकली होती. तळहातावर ठेवलं. शिंगं बाहेर येईपर्यंत थांबले. कॅलिपर हळूच पुढे नेला.

"ए," मागून मॅडम म्हणाल्या. "आता तू हळवी होऊ नकोस हं. आलेखात परत पायरी येईल."

"मग काय करू, मॅडम?"

मॅडमनी माझी वही पुढे सरकवली.

"आकड्यासमोर लिही. कुणाच्या हाताने, कसं धरून."

मी रकाना आखला. त्यात पहिली नोंद केली : बेताने. बावीस सरळ.