मागपंगत्या

आमच्या लोधिवलीकडच्या गावांत कुणी फारच संकोच करायला लागला, खुर्ची दिली तर जमिनीवर बसला, चहा दिला तर 'अर्धाच' म्हणाला, की त्याला मागपंगत्या म्हणतात. आता हा शब्द पार शिळफाट्याच्या बाजारापर्यंत पोचलाय. शब्द मी काढला, राजेशने. पण नाव घेतात माझ्या चुलतभावाचं, नवीनचं, आणि ते ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

नवीन टेंपो चालवतो, मी रसायनीत सुपरवायझर. देवळापुढचा मांडव मी घालायचा आणि नारळ फोडायला लोकांनी त्याला शोधत हिंडायचं!

गेल्या रविवारी कर्जतच्या कॉलेजातली रिया गावात आली. तालुक्यातले शब्द आणि ते कुठून आले हे ती जमवत होती, त्याचं पुस्तक निघणार होतं. देवळाच्या ओट्यावर तिने मागपंगत्या कोण म्हणून विचारलं आणि सगळ्यांची बोटं नवीनकडे वळली. तो मान खाली घालून हसला. ते हसू मला लहानपणापासून सोसत नाही.

"शब्द माझा आहे," मी म्हणालो. "माझं नाव लिही."

"सांगा ना काका, कसा सुचला?"

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या बहिणीचं, सुरभीचं लग्न. मी व्याह्यांसोबत पहिल्या पंगतीत जेवलो. नवीन वाढत राहिला आणि शेवटच्या पंगतीत बसला. जो तो त्याचं कौतुक करत होता. तेव्हा मी सगळ्यांदेखत ओरडलो होतो, "बसला बघा मागपंगत्या! लोकांनी बघावं म्हणून सोंग सगळं!"

रियाला मी एवढंच सांगितलं की तो शेवटी बसला आणि मी कौतुकाने तसं म्हणालो.

ओट्यावर बसलेले आबाजी त्या लग्नात चुलीवर स्वयंपाकाला होते. ते मान डोलवत म्हणाले, "कौतुक करण्यासारखाच हाय तो. भात संपला व्हता ना त्या दिवशी."

"भात?" मी विचारलं.

"तुला ठाव नाय? तांदूळ तूच काढून दिलास. मी बोललो, अजून एक पातेलं लागंल, तर तू हसलास. मग या नवीननं आमा दहाजनांना थांबवलं. बोलला, राजेशदादाच्या घरचं कार्य हाय, बोभाटा नको. आमी नुसतं वालाचं कालवण पिऊन उठलो रं."

बारा वर्षं मी त्या लग्नाच्या पंगतींच्या बढाया मारत होतो. नवीनने आता फक्त खरं बोलायचं होतं, की मी सगळ्यांसमोर खोटा पडलो असतो.

रियाने त्याला विचारलं, "तुम्हाला काय वाटलं, काका असं म्हणाले तेव्हा?"

नवीनने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं आठवत होतं.

"बरं वाटलं," तो म्हणाला. "दादा कौतुकानंच बोलला. त्याचंच नाव लिही गं, माझं नको."

रियाने वहीत माझं नाव लिहिलं आणि स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून मला दाखवलं. बरोबर होतं. हवं ते सगळं मला मिळालं होतं, आणि तरी मला त्याचाच हेवा वाटत होता.